चाकणच्या पुढे येणारा आवाज

१

पिशवी नवनाथची होती आणि तिला रॉकेलसारखा वास येत होता, एवढ्या दोन गोष्टींवर सगळ्यांचं एकमत झालं. बाकी कशावरच झालं नाही.

कुरुळीच्या भजनी मंडळाची जुनी डिझेल जीप त्या संध्याकाळी राजगुरुनगरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभी होती. पुढच्या गावात सप्त्याचं कीर्तन होतं, मांडव भरला असणार, आणि कीर्तनकार अण्णासाहेब बुवा मात्र फेटा मांडीवर घेऊन गाडीत बसून होते. चाकण ओलांडलं तसा इंजिनातून आवाज सुरू झाला होता. आधी बारीक किरकिर, मग जात्यात खडा सापडल्यासारखी घरघर, मग चढाला गाडीचा दम सुटायला लागला. हा आवाज दसऱ्यापासून मधूनमधून येत होता. गाडी बंद पडली ती मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.

मंडळाचा सेक्रेटरी प्रज्वल उतरला. त्याने मागे जाऊन डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलं, नाक लावून वास घेतला, आणि मग मागच्या सीटखाली हात घालून ती पिशवी ओढून काढली. आत एक चुरगळलेला निळा शर्ट होता आणि त्यात गुंडाळलेलं ओलसर फडकं.

"हे काय आहे, नवनाथ?"

"कपडे हायेत माझे. कंपनीतले."

नवनाथ बीडकडचा. मंडळाची गाडी तो सेवा म्हणून चालवायचा. पोटासाठी चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर होता. यंत्राचे भाग पातळ तेलात बुडवून धुतात त्या विभागात दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाच्या कपड्यांना दुसरा कसला वास येणार? पण हे त्याने सांगेपर्यंत विक्की मेकॅनिकचं बोलणं सगळ्यांच्या डोक्यात आधीच जाऊन बसलं होतं. विक्कीने काही दिवसांपूर्वीच निदान केलं होतं, की डिझेलमध्ये कुणीतरी रॉकेल मिसळतंय, नाहीतर पंप असा ओरडणार नाही. आता सगळ्यांनी मनातल्या मनात बेरीज केली. कंपनीतलं धुण्याचं तेल टाकीत ओतायचं, तेवढं डिझेल काढून विकायचं.

थोड्या वेळाने गाडी सुरू झाली, अगदी शहाण्यासारखी. आवाजाचं नाव नाही. पण मांडवात पोचले तेव्हा अर्धी माणसं उठून गेली होती आणि उरलेल्यांना गावातल्याच एका म्हाताऱ्याने अभंग म्हणत धरून ठेवलं होतं. अण्णासाहेब कधी उशिरा उभे राहिले नव्हते. त्या दिवशी त्यांचा आवाज चढलाच नाही. टाळकरी दमलेल्या हातांनी टाळ वाजवत राहिले.

परतताना प्रज्वल एवढंच म्हणाला, "पुढचं कीर्तन रविवारी आहे. तोपर्यंत थांबतो. मग मला कंपनीत कळवावं लागेल."

ज्या कंत्राटदाराने नवनाथला कामावर लावलं होतं, त्याच्याच ऑफिसात प्रज्वल नोकरीला होता.

२

उद्धवरावांनी दार उघडलं आणि दारातल्या बुवांना बघून आधी चष्मा पुसला.

पिंपळे गुरवच्या त्या दोन खोल्यांत ते एकटे राहत. नोकरीची सगळी वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात डिझेल पंप तपासण्यात गेली. पंप बाकावर चढवायचा, फिरवायचा, कान देऊन ऐकायचं. त्या आवाजाने त्यांचा डावा कान पार घालवला होता आणि उजवा अर्धामुर्धा चालायचा. कीर्तनाला म्हणूनच ते अगदी पुढे, वीणेकऱ्याच्या पायाशी बसत. वीणेच्या तारा त्यांना ऐकू यायच्या नाहीत, पण भोपळ्याची थरथर जमिनीतून कळायची, असं ते सांगायचे.

अण्णासाहेबांनी सगळी हकीकत सांगितली. सांगताना ते दोनदा थांबले. आख्यान कुठेही न अडखळता सांगणारा हा माणूस आपल्याच मंडळातली गोष्ट सांगताना अडखळला, हे उद्धवरावांना बरं वाटलं नाही.

"त्याने केलं असेल तर तसं सांगा, मी सोसेन," बुवा म्हणाले. "पण केलं नसेल, तर त्याच्याकडे बघून मी कीर्तनात कुठल्या तोंडाने सांगू, की माणसात देव बघा म्हणून?"

उद्धवरावांनी गुडघे चोळले. पंप सोडून बरीच वर्षं झाली, आता जिना उतरायचा म्हटलं तरी जिवावर येतं, असं काहीबाही ते बोलले. बुवांनी मान हलवली आणि उठायला लागले. तेव्हा उद्धवरावांनी सहज विचारावं तसं विचारलं, की आवाज नेमका कधी येतो.

"चाकणच्या पुढे गेलं की."

"अलीकडे?"

"कधीच नाही. मोशीला गेलो, चिखलीला गेलो. गाडी गप्प. लांब निघालो की चाकणच्या पुढे सुरू."

बुवांना जिन्यापर्यंत सोडायला उद्धवराव वाकून चप्पल शोधत होते, ते तसेच वाकलेले राहिले.

"बुवा," ते म्हणाले, "रॉकेलला काय चाकणचा चौक ओळखू येतो?"

३

विक्कीचं गॅरेज कुरुळी फाट्याजवळ, पत्र्याच्या शेडमध्ये. समोरून कंटेनरांची रांग सरकत होती आणि धूळ चहावर येऊन बसत होती. विक्की रात्रपाळीच्या माणसासारखा दिसत होता, डोळे लाल, बोलणं सावकाश.

"काका, ही गाडी माझ्याकडे आली ना, की एकदम देवमाणूस," तो म्हणाला. "तास-तास चालू ठेवतो. हूं का चूं नाही. दसऱ्याच्या आधी फिल्टर नवा टाकला. पाइप नवे टाकले. हवा ओढते का बघायला पारदर्शक नळी लावली, एक बुडबुडा नाही. पंप उतरवून भोसरीला तपासून आणला, ओके."

"मग रॉकेल कशावरून म्हणालास?"

विक्कीने हात पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

"काहीतरी सांगावं लागतं ना, काका. माहीत नाही म्हटलं की गिऱ्हाईक दुसरं गॅरेज बघतं. मी म्हटलं, रॉकेल असेल. नवनाथभाऊचं नाव मी घेतलं नव्हतं. ते त्यांनीच घेतलं."

मग त्याने आपली बाजू भक्कम करायला पंपाचं गणित सांगितलं, जे उद्धवरावांनी त्याच्या जन्माआधी पाठ केलं होतं. या जुन्या पंपाला स्वतःचं वंगण नसतं. त्यातून वाहणारं डिझेल हेच त्याचं तेलपाणी. ते पातळ झालं किंवा कमी पडलं, की आतले भाग कोरडे घासतात आणि पंप रडायला लागतो.

"पातळ झालं किंवा कमी पडलं," उद्धवराव म्हणाले. "तू पातळ तेवढं धरलंस."

"कमी कसं पडेल? टाकी भरलेली, रस्ता मोकळा. मी सगळा बघितलाय."

टाकीपासून पंपापर्यंतचा रस्ता मोकळा होता, हे उद्धवरावांनाही पटलं. तिथून निघताना त्यांच्या हाताला काही लागलं नव्हतं.

संध्याकाळी ते चिंचवड स्टेशनजवळ प्रज्वलच्या ऑफिसखाली थांबले. प्रज्वल उतरला तो खांदे पाडूनच. दिवसभर माणसांची हजेरी आणि तक्रारी यांतून आलेला. त्याला नवनाथचा राग नव्हता, असं तो म्हणाला, आणि ते खरं वाटलं. मंडळाची जबाबदारी त्याच्यावर होती, आणि त्याने डोळ्यांनी काही गोष्टी पाहिल्या होत्या.

"आवाज आला की मी गाडी थांबवतो. मागे जाऊन टाकी उघडतो, वास घेतो. आणि मी परत येऊन बसेपर्यंत आवाज बंद. दर वेळी, काका. मी मागे असतो तेवढ्यात हा पुढे बॉनेट उघडतो. काहीतरी करतो आणि मिटवतो. मला दाखवायला, की डिझेल चांगलंच आहे."

"काय करतो, पाहिलंत कधी?"

"कसं बघणार? मी मागे असतो ना."

४

कुरुळीत नवनाथची खोली चाळीच्या टोकाला होती. तो पहिल्या पाळीवरून येऊन नुकताच आंघोळ करून बसला होता. खोलीत साबणाचा वास होता आणि त्याखाली, पुसट, तोच दुसरा वास.

उद्धवरावांनी बॉनेटचं विचारलं. नवनाथने बायकोकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"सांगा की," त्याची बायको भाग्यश्री म्हणाली. "आता काय राहिलंय लपवायला."

"बॉनेट उघडतो, काका," नवनाथ हळू म्हणाला. "हात जोडतो. अन् बंद करतो."

"बस?"

"मला त्यातलं काय कळतंय? म्या फकस्त गाडी चालवतो. पहिल्यांदा आवाज आला, तवा घाबरून हात जोडले. आवाज थांबला. दुसऱ्यांदा बी थांबला. मग दर वेळी जोडायला लागलो." तो कसंनुसं हसला. "कुणाला सांगितलं नाही. लोकं म्हणतील, मेकॅनिकला जमलं नाही ते ह्याच्या नमस्काराला जमलं व्हय."

उद्धवराव हसले नाहीत. एक माणूस मागे वास घेत होता, एक पुढे हात जोडत होता, आणि दोघांच्या मध्ये आवाज थांबत होता. प्रज्वलला वाटत होतं नवनाथ थांबवतो. नवनाथला वाटत होतं देव थांबवतो. दोघांनाही एकमेकांचे हात दिसत नव्हते.

धुण्याच्या विभागात बदली कधी झाली, असं त्यांनी विचारलं. दसऱ्याच्या सुमारास, नवनाथ म्हणाला. उद्धवरावांनी सुस्कारा टाकला. फिल्टर दसऱ्याच्या सुमारास, बदली दसऱ्याच्या सुमारास, आवाजही तेव्हापासूनच.

भाग्यश्री त्यांना सोडायला चाळीच्या तोंडापर्यंत आली. तिने रडगाणं गायलं नाही. एवढंच म्हणाली, की कंत्राटाच्या माणसाला चोर म्हणून काढलं की दुसरी कंपनी गेटच्या आत घेत नाही. मग गावाकडे परत. आणि गावाकडे आता काही नाही.

"त्याने कीर्तनाला जाणं बंद केलंय का?" उद्धवरावांनी विचारलं.

"नाही ना. तेच तर. रविवारी पुन्हा गाडी चालवणार म्हणतात. मी म्हटलं, कशाला जाता अपमान करून घ्यायला. तर म्हणाले, बुवांना मग कोण नेणार?"

५

जीप उभी राहायची ती सोजरबाईंच्या अंगणात. कुरुळीच्या जुन्या घरातल्या त्या, बायकांच्या टाळकरी रांगेच्या पुढच्या. मंडळातल्या सगळ्या कामगार पोरांना त्या आपलीच म्हणत. उद्धवराव आले तेव्हा पखवाज वाजवणारी दीपमाला तिथेच ओट्यावर बसून पखवाजाच्या डाव्या पुडीला लावायची कणीक मळत होती.

सोजरबाईंनी चहा टाकला. गूळ-तुपाची वाटी घेतली, आधी देव्हाऱ्यातल्या मूर्तीच्या ओठांना बोट लावलं, मग उद्धवरावांच्या हातावर खडा ठेवला.

"नवनाथ चोर न्हाई," त्यांनी विषयच संपवला. "त्यो माझ्या हातचं खातो. मला कळत न्हाई व्हय?"

उद्धवराव म्हणाले, तुम्हाला कळतं, पण प्रज्वलला पटवायला काहीतरी दाखवावं लागेल. मग दसऱ्याला काय काय झालं ते त्यांनी विचारलं. सोजरबाईंना आठवत होतं ते एका कंटेनरचं. दसऱ्याच्या आधी हमरस्त्यावर तो मागून असा आला की गाडी चिरडायचीच राहिली. नवनाथने ऐन वेळी कडेला घेतली म्हणून सगळे वाचले.

"तवापासनं मी नेम केलाय. लांबच्या वाटंला निघताना आमी गाडीचं तोंड ग्वाड करतो. मान्साला दहीसाखर देतात, मग तिला नको? मुक्या जिवाला कोन ईचारतंय."

उद्धवरावांनी गूळ चघळत मान डोलावली. त्यांचं लक्ष जीपकडे होतं. मग त्यांनी दीपमालेला विचारलं, ती गाडीत कुठे बसते.

"मागे. पखवाज मांडीवर घेऊन. टाकी माझ्या बरोबर खाली असते."

"प्रज्वल झाकण उघडतो तेव्हा काही ऐकू येतं?"

"येतं ना," ती म्हणाली, जणू कुणी हे विचारण्याची वाटच बघत होती. "आधी लांब फुस्स होतं. कुणीतरी खोल श्वास घ्यावा तसं. आणि मग खालून धुम्म असा आवाज. पखवाजाच्या डाव्या बाजूसारखा. हाताने दाबून धरलेली पुडी सोडून द्यावी ना, तसा."

उद्धवरावांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी उजवा कान पुढे केला. ती पुन्हा बोलली.

"दाबून धरलेली म्हणजे बाहेरून आत?"

"हो. आत गेलेली. मग सुटते."

चहाचा कप त्यांनी खाली ठेवला, अर्धा तसाच.

"पोरी, रविवारी मला तुझा कान लागेल," ते म्हणाले. "आणि सोजरबाई, तोपर्यंत त्या गाडीला कुणालाही हात लावू देऊ नका. तुमचा नेम मात्र चुकवू नका."

हे शेवटचं वाक्य ते का बोलले, ते सोजरबाईंना कळलं नाही. खरं तर उद्धवरावांना तेव्हा नुसती शंका होती. आणि तिच्या पलीकडे जायची त्यांना इच्छाही नव्हती.

६

रविवारी दुपारी सगळे अंगणात जमले. टाळ, पखवाज, वीणा गाडीत ठेवून झाली. सोजरबाईंनी टाकीच्या झाकणाजवळ उभं राहून ओठ हलवले आणि वर चढल्या.

प्रज्वलने उद्धवरावांना बाजूला घेतलं. त्याचा चेहरा पडला होता.

"काका, मी थांबणार होतो. पण काल साहेबांनी दुसऱ्याच कामासाठी नवनाथचं नाव काढलं आणि माझ्या तोंडून गेलं. उद्या सकाळी त्याचा पास काढून घेतील."

"त्याला माहीत आहे?"

"नाही."

नवनाथ काच पुसत होता. पुसून त्याने बुवांना हाताला धरून वर बसवलं.

चाकणला नेहमीसारखी कोंडी होती. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. सोजरबाई माळ ओढत होत्या, अण्णासाहेब डोळे मिटून होते. चौक मागे पडला, रस्ता मोकळा झाला, नवनाथने वेग घेतला. आणि मग चढावर ती बारीक किरकिर आली.

"आला," दीपमाला म्हणाली. उद्धवरावांना ती किरकिर ऐकू येत नव्हती. त्यांनी तळवा गाडीच्या पत्र्याला टेकवला. थोड्या वेळाने घरघर आली, ती मात्र त्यांच्या हाडांपर्यंत पोचली.

त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली, इंजिन चालूच ठेवायला सांगितलं. नवनाथने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे. प्रज्वलने त्याच्या शेजारी बसून त्या हातांवर नजर ठेवायची. बॉनेट कुणी उघडायचं नाही.

"आणि हात जोडायचे बी नाही?" नवनाथने विचारलं.

"आज मनातच जोड."

घरघर वाढत होती. इंजिन आता गचके द्यायला लागलं. उद्धवरावांनी दीपमालेला मागच्या सीटवरच बसायला सांगितलं आणि स्वतः खाली उतरून टाकीचं झाकण फिरवलं.

हवा आत शिरली. लांब, तहानलेला श्वास. मग सीटखालून तो आवाज आला, धुम्म, आणि दीपमालेने नुसती मान हलवली. पुढे इंजिन दोनदा खोकलं आणि सरळ लयीत आलं. किरकिर नाही, घरघर नाही.

प्रज्वल नवनाथच्या हातांकडे बघत होता. ते स्टिअरिंगवरून हलले नव्हते.

७

इंजिन बंद झाल्यावर उद्धवरावांनी तिथेच, रस्त्याच्या कडेला सांगितलं. आवाज न चढवता, कारण चढवायची ताकद नव्हती.

डिझेलात भेसळ असती तर पंप गॅरेजमध्येही रडला असता, मोशीच्या वाटेवरही रडला असता. आणि नुसतं झाकण उघडून भेसळ जात नाही. म्हणजे डिझेल चांगलं आहे, पण ते पंपापर्यंत पोचत नाही. रस्ता विक्कीने तपासला, तो मोकळा आहे. राहिली टाकी. टाकीतलं डिझेल जसजसं खर्च होतं तसतशी तिच्या रिकाम्या जागेत हवा यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र असतं. ते बुजलं की टाकी आतून ओढली जाते, पत्रा आत दबतो, आणि पंपाने कितीही ओढलं तरी डिझेल सुटत नाही. जवळच्या वाटेवर हे कळत नाही, तेवढं डिझेलच खर्च होत नाही. कोंडीत रखडून चाकण ओलांडेपर्यंत मात्र टाकीचा श्वास कोंडलेला असतो.

"आणि प्रज्वल, तुम्ही दर वेळी वास घ्यायला झाकण उघडायचात. तुम्हीच आवाज थांबवत होतात. त्या दिवशी बंद पडलेली गाडी सुरू झाली ती त्यामुळेच. सीटखाली जे सापडलं ते शर्टाला आणि फडक्याला लागलेलं कंपनीतलं तेल, दुसरं काही नाही."

प्रज्वल उतरून मागे आला. मग त्याने विचारलं, "छिद्र बुजलं कशाने?"

उद्धवरावांनी झाकण मुठीत धरलं होतं. मूठ त्यांनी उघडली नाही.

"धूळ-मातीने," ते म्हणाले. "या रस्त्यावर धुळीला काय तोटा."

कुणीतरी सुस्कारा सोडला. पण प्रज्वलच्या कपाळावरची आठी गेली नाही. तो मुद्दाम नाही, सवयीने बोलला. "म्हणजे चोरी नाही. पण झाकण साफ ठेवायचं काम ड्रायव्हरचंच ना? मी साहेबांना काय सांगू? निष्काळजीपणा म्हणून?"

नवनाथने मान खाली घातली. "व्हय, माझीच चूक," तो म्हणाला. "म्या पुसायला पाहिजे होतं."

तो इतक्या लवकर कबूल झाला, की अण्णासाहेबांनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. सोजरबाई हळूहळू खाली उतरल्या. त्यांनी उद्धवरावांसमोर हात पसरला आणि तो मागे घेतला नाही. शेवटी उद्धवरावांनी झाकण त्यांच्या हातावर ठेवलं.

झाकणाच्या मधल्या खळग्यात काळपट, टणक थर बसला होता. वर आजचा ताजा, तुपाने चकाकणारा. सोजरबाईंनी नखाने कण काढला आणि जिभेला लावला.

"गूळ हाय ह्यो," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातचा."

मोठ्या गाड्या धडधडत शेजारून जात होत्या.

"म्हंजी तिचा श्वास म्याच कोंडला," त्या म्हणाल्या. "अन् आळ ह्याच्यावर." मग त्या नवनाथकडे वळल्या. "तुला दिसत व्हतं की रं. तू रोज गाडी पुसतुस. तेवढंच का ठिवलंस?"

"तुम्ही लावलेला होता, मावशी," नवनाथ म्हणाला. "तो कसा पुसू?"

सोजरबाईंनी बांगडीत अडकवलेली सेफ्टीपिन काढली. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून दीपमालेने झाकण धरलं आणि सोजरबाईंनी पिन फिरवली. गुळाचा तुकडा तुटून पडला. त्यांनी झाकण आकाशाकडे धरलं. मधोमध उजेडाचा एक ठिपका दिसला.

"काका," प्रज्वल म्हणाला, "तुम्हाला आधीच माहीत होतं."

"शंका होती. म्हटलं, म्हातारीला कळू न देता जमलं तर बघावं. जमलं नाही. मी त्यांना झाकायला गेलो आणि आळ पुन्हा याच्याच डोक्यावर."

अण्णासाहेब म्हणाले, "प्रज्वल, फोन लाव."

प्रज्वलने लावला. साहेबांनी उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. मग त्याने सगळ्यांसमोर फोन तोंडाजवळ धरून आवाजातच निरोप पाठवला, की नवनाथबद्दल मी सांगितलं ते चुकीचं होतं, चूक माझी आहे, उद्या पाळी सुरू व्हायच्या आधी मी स्वतः गेटवर येऊन उभा राहतो. निरोप गेला. उत्तर आलं नाही. नवनाथ त्याच्याकडे बघत राहिला. आपली नोकरी जाणार होती हे त्याला त्या निरोपातूनच पहिल्यांदा कळलं होतं.

"उद्या मी बी तुमच्यासंगट येतो गेटवर," तो म्हणाला. "रोज तिथंच जातो की."

मांडवात ते वेळेवर पोचले. वीणा उभी राहिली, टाळ हातात गेले. नवनाथ नेहमीप्रमाणे गाडीपाशी थांबला, कारण अनोळखी गावात गाडीजवळ कुणीतरी लागतं. प्रज्वलने त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि त्याला आत जायला सांगितलं. नवनाथ म्हणाला, मला टाळ धरता येत नाही. प्रज्वल म्हणाला, मग नुसता बस. आणि तो स्वतः गाडीच्या पायरीवर टेकला, फोन मांडीवर पालथा ठेवून. आतून अण्णासाहेबांचा पहिला आलाप आला. आज आवाज चढला. उद्धवराव पुढे, वीणेकऱ्याच्या पायाशी, दोन्ही तळवे जमिनीला टेकवून बसले होते.

परत निघताना सोजरबाई गाडीला वळसा घालून टाकीपाशी गेल्या. बोटावर गूळ-तूप होतं. हात सवयीने झाकणापर्यंत गेला आणि तिथे थांबला. नवनाथ किल्ली फिरवायच्या बेतात होता. त्या पुढे आल्या, खिडकीतून त्याचा हात धरला, उलटा केला, आणि गूळ त्याच्या तळव्यावर ठेवला.

"तूच खा," त्या म्हणाल्या. "सांभाळून ने."